तीस किलोत बसणारी गाडी

जगात जे कोणी घरच्या घरी गाडी बांधतात, ते ती खालून वर बांधतात. आधी सांगाडा, म्हणजे चासी, मग इंजिन, मग चाकं, आणि अगदी शेवटी हौस म्हणून आरसे. आम्ही आमची गाडी वजनाप्रमाणे बांधायला घेतली. हलकं आधी, जड नंतर. त्यामुळे पहिली काही वर्षं आमच्याकडे संयुक्त अरब अमिरातीतली सगळ्यात सुरक्षित गाडी होती. मागचं दाखवणारे दोन आरसे होते आणि मागे-पुढे जायची काही म्हणजे काही सोय नव्हती.

हे असं का झालं, ते कळायला आखातातल्या मराठी घराची एक रीत माहीत असावी लागते. अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर वर्षी डिसेंबर संपत आला की माझा नवरा चहाचा कप खाली ठेवतो, घसा साफ करतो आणि जाहीर करतो, "हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी चिपळूण." वीस-बावीस वर्षं मी ही घोषणा ऐकत आले. पहिल्या वर्षी मी सामान बांधायला घेतलं होतं. नंतर नंतर मी कपात साखर कमी आहे का, एवढंच विचारायची. ही काही आमच्याच घरची खोड नाही. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चढावं, तर प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी शेवटचं वर्ष जाहीर करून खाली दूध आणायला निघालेलं असतं.

या घोषणेपायी घरात टिकाऊ असं काही घ्यायचंच नाही. टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या, कपाट चेनचं, कापडी. पडदे पिनांवर. कशाला उगाच, पुढच्या वर्षी जायचंय ना. मुलगा सोडला तर घडी न होणारी एकही वस्तू आमच्या घरात नव्हती, आणि तोही सहा फूट झाल्यावर घडीच्या सोफ्यावर घडी होऊनच झोपायचा.

त्यात हे आहेत सेफ्टी ऑफिसर. बांधकामाच्या साइटवर कोणी हेल्मेट घातलं नाही, कोणी पट्टा लावला नाही, हे बघत फिरायचं त्यांचं काम. घरीसुद्धा मी स्टुलावर चढले की हे स्टुलाचा पाय धरतात आणि वर बघून विचारतात, "दुसरा काही मार्ग आहे का?" मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इंजिनिअर लोक जे कागद बनवतात त्यांना मी नंबर देते, आणि त्यांनी चूक केली की त्या चुकीला 'रिव्हिजन बी' असं इभ्रतीचं नाव देते. आमच्या दोघांत मिळून स्पॅनर, म्हणजे पाना, कोणी हातात धरला नव्हता. मी फक्त मिक्सर उघडला होता, आणि त्यानंतर तो मिक्सर चटणी करायचा सोडून चटणीवर ओरडायला लागला होता.

मग एका शनिवारी आम्ही उम्म अल कुवैनला मासळी आणायला गेलो. समुद्राकाठी एक गाडी उभी होती. चपटी, हिरवी, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, उंची एवढी की शेजारून मांजर गेलं असतं तर गाडीला मान वर करून बघावं लागलं असतं. बॉनेट उघडून एक गोरी आजी आत वाकलेली. माझ्यापेक्षा पंचवीसएक वर्षांनी मोठी असेल. मी सहज विचारलं, गाडी कुठून घेतली. ती म्हणाली, मीच बांधली. आपण 'पोहे केलेत' म्हणतो ना, तशी म्हणाली. सुटे भाग मागवले, सहा वर्षं शनिवार-रविवार बसून जोडले, झालं. मग ती त्या गाडीत उतरली (चढली म्हणता येणार नाही), हात हलवला आणि निघून गेली.

मी सुरमई आमच्या गाडीच्या डिकीतच विसरले. तो वास आम्ही ती गाडी विकेपर्यंत गेला नाही, आणि तिचा नवा मालक आजही त्या वासापायी थोडे पैसे परत मागतो.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, मला अशी गाडी बांधायची आहे.

"किती दिवसांचं काम आहे?" हे म्हणाले.

"पाच वर्षांचं."

हे हसले. मोठ्यानं नाही, सेफ्टी ऑफिसर जितकं हसतात तितकंच. "अगं, पुढच्या वर्षी आपण चिपळूणला. पाच वर्षं कुठून आणणार?"

मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "बाबा, यू सेड दॅट व्हेन आय वॉज इन केजी."

"तू मध्ये बोलू नकोस."

मग ह्यांनी माझा विचार एका फटक्यात मारायला एक नियम काढला. म्हणाले, "तुला काय घ्यायचं ते घे. पण जे घेशील ते जाताना विमानातून नेता आलं पाहिजे. तीस किलोत बसलं पाहिजे. बसलं तर घे, नाही तर खलास." आणि आपण केवढा उदार तोडगा काढला, अशा चेहऱ्यानं पेपर उघडून बसले.

त्यांना वाटलं, संपलं. पण मी डॉक्युमेंट कंट्रोलर. आमच्या धंद्यात नियम म्हणजे अर्धी परवानगी असते, आणि तीस किलोचा हा नियम एका वेळी एका वस्तूचा होता. इंग्लंडात एक कंपनी असे भाग सुटे विकते. त्यांच्या कॅटलॉगात प्रत्येक भागासमोर वजन दिलेलं होतं. मी सगळी यादी वजनाप्रमाणे लावली, तीस किलोवर रेघ मारली, आणि रेघेच्या वरचं सगळं पहिल्या तीन वर्षांत वाटून टाकलं. रेघेच्या खाली चासी, इंजिन, गिअरबॉक्स असली किरकोळ मंडळी राहिली. त्यांच्यासमोर मी 'नंतर बघू' असं लिहिलं.

मुलानं तो तक्ता बघितला. "आई, नोबडी डज धिस. यू स्टार्ट विथ द चासी."

"तुझे बाबा नोबडी आहेत का?"

तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. हुशार आहे.

पहिल्या वर्षी आरसे आले, स्टिअरिंग आलं आणि वेग दाखवणारं घड्याळ आलं. ते घड्याळ मी फ्रिजवर ठेवलं. त्याचा काटा शून्यावर इतका शांत बसायचा की ऑफिसातून दमून आल्यावर बघून बरं वाटायचं. त्या उन्हाळ्यात सुट्टीवर जाताना हे म्हणाले, नियम केलाय तर एकदा चाचणी घेऊ. साइटवर आगीची मॉक ड्रिल घेतात, तशी. म्हणून आम्ही ते स्टिअरिंग बॅगेत घालून मुंबईला नेलं.

कस्टमच्या माणसानं बॅग उघडली. बदाम, साबण, मिल्क पावडर, आणि त्यावर सत्यनारायणाच्या चौरंगावर ठेवावं तसं स्टिअरिंग.

"मॅडम, ये क्या है?"

"स्टिअरिंग."

"वो तो दिख रहा है. गाडी किधर है?"

"आ रही है. धीरे धीरे."

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आयुष्यात कधी खोटं बोलायचं नाही म्हणून ठरवलेलं. म्हणाले, "भाऊ, हम इसको वापस भी ले जानेवाले हैं." त्या माणसानं आपल्या साहेबाला बोलावलं, साहेबानं त्याच्या साहेबाला. शेवटी पाच-सहा जण त्या स्टिअरिंगभोवती उभे राहिले आणि एकेकानं ते हातात धरून वळवून बघितलं. एकानं तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला. मग सगळ्यात मोठे साहेब म्हणाले, "जाने दो, इनका घर का मामला है."

चिपळूणला आमचा फ्लॅट आहे. दहा वर्षांपूर्वी घेतला, कुलूप लावलं, सोफ्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. धाकटे दीर महिन्यातून एकदा खिडक्या उघडून येतात. त्या सोफ्यावर ते स्टिअरिंग पंधरा दिवस ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण त्या सोफ्यावर न बसता स्टिअरिंगसमोर उभा राहायचा. दीर म्हणाले, "वहिनी, उरलेली गाडी कधी?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." त्यांना वाटलं, ही गाडीच्या कंपनीचं नाव सांगतेय.

दुसऱ्या वर्षी सीट आल्या. दोन, काळ्या, रेसच्या गाडीत असतात तशा खोल. आता सीट ठेवायच्या कुठे, तर हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्यांपेक्षा त्या दिसायला कितीतरी बऱ्या. जानेवारीत मी हळदीकुंकू ठेवलं. आमच्या मजल्यावरच्या एक काकू, अंगानं सुखवस्तू, त्या थेट त्या सीटमध्ये बसल्या. बसल्या म्हणजे गेल्या. गुडघे वर आले, पदर खाली राहिला, आणि वाण घ्यायला पुढे केलेला हात तेवढा दिसत राहिला. उठायची वेळ आली तेव्हा काकू उठेनात. दोघींनी हात धरले, एकीनं मागून रेटा दिला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, ह्याला रिव्हर्स कुठाय ते सांग, मी येते माझी मी." शेवटी सीटसकट आडवं करून त्यांना काढावं लागलं. तेव्हापासून अल कुसैसमध्ये माझ्याकडच्या हळदीकुंकवाला बायका सीट बेल्ट आहे का विचारून येतात.

तिसऱ्या वर्षी दिवे, पेडल, पेट्रोलचं झाकण, वायरींचं एक भलं मोठं भेंडोळं. तोवर आमच्या हॉलमध्ये चालणं म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर चालणं झालं होतं. मुलगा तर जाता-येता इंडिकेटर दिल्यासारखा हात करायचा. मग मी उम्म अल कुवैनच्या भाईंना विचारलं.

भाई श्रीवर्धनकडचे. जुनी बोटीची इंजिनं घ्यायची, नीट करायची, विकायची, हा त्यांचा धंदा. इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची एक शेड आहे. आमची ओळख मासळीबाजारातली. मी थापा मारते असं लोक म्हणतात, पण भाईंसमोर मी म्हणजे पाटीवर बाराखडी गिरवणारं पोर. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं, "ताई, मी एका जीपला बोटीचं इंजिन बसवलं होतं. गाडी फस्ट क्लास. पण खाडी दिसली की तिकडंच ओढायची. मालक बिचारा शारजाला जायचा म्हणून निघायचा आणि अजमानच्या बीचवर पोचायचा."

"मग काय केलंत?"

"काय करणार. मालकाला पोहायला शिकवलं."

भाईंनी शेडचा एक कोपरा दिला. त्या शेडमध्ये जुलैत एवढं गरम होतं की आम्ही चहाचं पाणी नुसतं आणून ठेवायचो, आणि भाई सांगतात त्याप्रमाणे, सावलीसुद्धा दुपारी आत यायची नाही, बाहेर ट्रकखाली जाऊन बसायची. आम्ही तिथे सगळे भाग मांडले. दोन सीट, त्यापुढे विटांवर स्टिअरिंग, पुढे दोन दिवे, बाजूला आरसे. मधे हवा. शेडमध्ये येणारी गिऱ्हाइकं ते बघून थबकायची. भाई त्यांना गंभीरपणे सांगायचे, "हबीबी, सांभाळून. गाडी उभी आहे. तुला दिसत नसेल तर डोळे तपासून घे." एक गृहस्थ तर खरोखर वळसा घालून गेले.

चौथ्या वर्षी मात्र पंचाईत झाली. मी तक्ता उघडला आणि बघितलं, तर रेघेच्या वर काहीच उरलं नव्हतं. वेग दाखवणाऱ्या घड्याळापासून झाकणाच्या स्क्रूपर्यंत जे जे हलकं म्हणून होतं, ते सगळं घेऊन झालं होतं. आता फक्त जड उरलं. आणि त्याच आठवड्यात त्या कंपनीची मेल आली. चासी हातानं बनवतात, त्यासाठी रांग असते, आमचं नाव (मी पहिल्याच वर्षी गुपचूप नोंदवलेलं) रांगेत होतं, आता आमची पाळी आली आहे. महिन्याभरात हो की नाही कळवा. नाही म्हणालात तर पाळी पुढच्याला, आणि तुमचं नाव पुन्हा शेवटी.

डिसेंबर होता. आता घोषणेची वेळ. मी ती मेल छापली आणि ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. ह्यांनी वाचली. दिरहममध्ये किंमत बघितली, मोठ्यानं रुपयांत केली, मग सवयीनं चिपळूणच्या फ्लॅटच्या चौरस फुटांत केली. पण किमतीवर काही बोलले नाहीत. म्हणाले, "हे तीस किलोत बसत नाही."

"नाही बसत."

मुलगा म्हणाला, "यू कॅन कट इट. चार तुकडे, चार तिकिटं." आणि हे, देवाशपथ सांगते, दोन मिनिटं तो विचार करत होते. मग मान हलवली. "वेल्डिंगचा जोड कमजोर होतो."

मुलगा आतल्या खोलीत गेला. मी म्हटलं, "अहो, आणि आणली तर?"

"आणली तर काय. ती इथेच राहणार. आणि ती जोडायला अजून तीन-चार वर्षं. म्हणजे आपणही इथेच. म्हणजे मग मी काय सांगू?"

"कोणाला?"

"कोणालाच नाही. मला." कप हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही. "अगं, मला माहीत आहे की मी दर वर्षी म्हणतो आणि आपण जात नाही. एवढं कळतं मला. पण म्हणायचंच थांबलो, तर मग खरंच कधी जाणार नाही असं वाटतं. इथे किती जण आहेत असे. म्हणायचे थांबले आणि राहिले."

ह्यांच्याकडून एवढी वाक्यं सलग मी लग्नाच्या आधी एकदा ऐकली होती. मला चेष्टा करायची होती, जिभेवर आलीही होती, पण गिळली.

मग मी माझं सांगितलं. म्हटलं, "तुमचं ते बरोबर. पण वीस-बावीस वर्षं मी दर वर्षी शेवटचंच वर्ष जगतेय. प्रत्येक शेवटच्या वर्षी भांडी कमी घ्यायची, ओळखी कमी करायच्या, कोणी विचारलं तर जाणारच आहोत म्हणायचं. मला एक वर्ष मधलं पाहिजे. ज्याच्या मागेही वर्ष आहे आणि पुढेही आहे, असं. गाडी नाही झाली तरी चालेल. पण चासी आली की वर्षं मधली होतात."

ह्यांनी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. त्या डिसेंबरात घोषणाही झाली नाही, पण 'हो'सुद्धा झालं नाही. मेलला उत्तर द्यायचे दिवस चालले होते आणि हे रोज सकाळी हेल्मेट काखेत मारून, जणू काही झालंच नाही, साइटवर जात होते. मी घरात इतकी गप्प राहिले की मुलानं विचारलं, "आई, आर यू ओके? ऑर इज इट अ प्लॅन?"

प्लॅनच होता. पण उपयोग झाला नाही. शेवटी एका शनिवारी हे स्वतःहून म्हणाले, "शेडमध्ये जाऊन येऊ. चासी ठेवायची म्हटली तर जागा सुरक्षित आहे का, एवढं बघतो. बघण्यात काही नाही."

मी यल्ला, म्हणजे चला, म्हणायच्या आधी चप्पल घातली होती.

शेडमध्ये ह्यांनी मेजरिंग टेप काढली. जमीन मापली, पत्रा मापला, आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघितली. भाईंच्या तीन कामगारांना बूट घालायला लावले. एकाला तर नखं कापायला सांगितली. भाई कोपऱ्यात बोटीच्या इंजिनावर बसून बघत होते. सगळं झाल्यावर हे म्हणाले, "भाई, हा कोपरा लागेल. थोडा मोठा."

"घ्या की साहेब. किती दिवसांसाठी?"

ह्यांच्या हातातली टेप आत गेली, बाहेर आली, आत गेली. मी पाहत होते. भाई पाहत होते. तो कामगार नखं कापायचा थांबला.

"एक वर्ष," हे म्हणाले.

भाईंनी इंजिनावर थाप मारली. "साहेब, एका वर्षात तर नट कुठला आणि बोल्ट कुठला ते कळायला लागेल. माझ्या शेडमध्ये एका वर्षासाठी मी मांजरसुद्धा ठेवत नाही. पाच बोला."

"पाच फार झाली. दोन."

"दोन वर्षांत ताईंचं एक चाक लागेल. एका चाकावर काय फिरणार, सर्कस काढायची आहे? साडेचार."

मी आयुष्यात नायफच्या बाजारापासून चिपळूणच्या बाजारपेठेपर्यंत घासाघीस बघितली आहे. पण दोन पुरुष वर्षांची घासाघीस करताना तेव्हाच बघितली. एक वाढवतोय, एक कमी करतोय, आणि दोघांचेही चेहरे कोळंबीचा भाव चाललाय असे.

"अडीच," हे म्हणाले.

"साहेब, अडीचला माझी बायको मला घरात घेणार नाही. चार. वर दर शनिवारी चहा माझा."

"साखर कमी?"

"तुम्ही म्हणाल तशी."

ह्यांनी टेप खिशात टाकली. "चार," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "लिही त्यांना. हो म्हणून."

तिथून बाहेर पडलो तर गाडीत बसायच्या आधीच चिपळूणहून दिरांचा फोन आला. ते दर वर्षी याच सुमारास करतात, घोषणा ऐकायला. हे रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलले. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो रे, मजेत. नाही, या वर्षी नाही. नाही, पुढच्याही नाही. चार वर्षं तरी नाही." बराच वेळ तिकडून काहीतरी चाललं होतं. "अरे, आजारी वगैरे कोणी नाही. चासी येतेय." मग पुन्हा ऐकत राहिले आणि म्हणाले, "ते प्लास्टिक काढ सोफ्यावरचं. तू बसत जा त्यावर. वहिनीनं सांगितलंय म्हण." मी सांगितलं नव्हतं. पण चालतं.

चासी चार महिन्यांनी आली, एका ट्रकवर, लाकडी पिंजऱ्यात. तिचं वजन मी विचारलं नाही. घरात सवत आली तरी जमत नाही, एवढी गर्दी जमली. भाईंनी सगळ्यांना सांगितलं की हिला राजवाड्यातून मागणी होती, पण ताईंनी दिली नाही. ह्यांनी पिंजऱ्याभोवती पिवळी पट्टी लावली आणि हेल्मेट घातल्याशिवाय कोणाला जवळ येऊ दिलं नाही, मलासुद्धा नाही. मग आम्ही त्या दोन सीट उचलून चासीवर नुसत्या ठेवल्या आणि आत बसलो. चाकं नाहीत, इंजिन नाही, समोर विटा. हे म्हणाले, "गाडी पूर्ण झाली, पास झाली, की मग बघू. तेव्हा जायचं."

"बरं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी जरा हळू काम करते. माझ्या तक्त्यात चार वर्षांची सव्वापाच कधी झाली, ते रिव्हिजन एफपर्यंत मलाही कळलं नाही. शनिवारी एक बोल्ट आवळते, मग नीट बसला नाही असं म्हणत सैल करते, मग चहा येतो. चाकं पेलणारे सस्पेन्शनचे हात मी उलटे लावले होते ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण पावसाळ्यापर्यंत, म्हणजे इथे पाऊस नसतो पण तिकडच्या पावसाळ्यापर्यंत, मी ते कोणाला सांगितलं नाही.

एवढं करून मला वाटत होतं की मीच काय ती चलाख. मग मागच्या महिन्यात एका रविवारी मी एकटीच शेडमध्ये गेले, तर शनिवारी मी कधी नव्हे ते खरोखर घट्ट करून गेलेले पुढचे आठही बोल्ट ढिले. मी भाईंना विचारलं, कोणी हात लावला.

भाई हवेत बघत म्हणाले, "ताई, मला काय माहीत. साहेब सकाळी येऊन गेले होते. म्हणत होते, सेफ्टीसाठी परत एकदा बघायला हवं."

"आधीही आले होते?"

"नाही नाही," भाई म्हणाले. "दर रविवारी येतात, तेवढंच."

मी घरी काही बोलले नाही. मुलगा आता नोकरीला लागलाय, तो म्हणतो, "ॲट धिस रेट माय किड्स विल ड्राइव्ह इट." काल जेवताना हे भाताकडे बघत म्हणाले, "मी विचार करतोय, ती वायरिंग सगळी काढून पुन्हा घालू. मला लाल वायरचा तो लाल काही पटत नाही."

मी त्यांना आमटी वाढली. म्हटलं, "काढू या. तुम्ही सेफ्टीवाले, तुम्ही म्हणाल तसं."